आईचा आवाज आणि आप्पांचं बोट

आप्पा गेले. आता आईचा आवाज ओळखणारं जगात कुणी उरलं नाही.

आज पाच दिवस झाले. खरं सांगते, रडू कमी येतंय आणि भीतीच जास्त वाटतीय.

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. तिचा आवाज मला आठवत नाही. जरासुद्धा नाही.

लग्नाआधी ती एका गायन पार्टीत कोरसला होती. भीमजयंतीला गावोगावी कार्यक्रम व्हायचे त्यांचे. त्या पार्टीची एकच रेकॉर्ड निघाली. मुख्य गायकामागं चार बायका गातात, त्यातली एक आमची आई.

रेकॉर्ड घरात होती, पण वाजवायला काही नव्हतं.

मी दहावीत होते, नव्वदीची शेवटची वर्षं. अख्खं कोल्हापूर कॅसेटी ऐकत होतं आणि आमचे आप्पा रेकॉर्ड प्लेअर शोधत हिंडत होते. घरात स्टिरिओ करायचाच, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं.

इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्याच्या माळ्यावर जुना टर्नटेबल मिळाला. आप्पांनी तो चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आणला.

शाहूपुरीत रसूलभाई रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी सुटे पार्ट जोडून अॅम्प्लिफायर बनवून दिला.

स्पीकरची खोकी आप्पांनी स्वतः ठोकली. आप्पा फौंड्रीत होते, तिथल्या टाकाऊ प्लायची. आत भरायला कापूस घेतला तो माझ्या गादीतला!

"अवो आप्पा, माझी गादी!"

"झोप की जरा कडक. आईला जागा दे."

पहिल्यांदा पिन टेकवताना त्यांनी दोनदा हात मागं घेतला. रोज तापल्या लोखंडाजवळ उभा राहणारा माणूस हा.

"एकच हाय गं ही. चरा पडला की संपलं."

कोरस आला आणि आप्पांनी बोट वर केलं.

"आली! ही बघ तुझी आई! आली का ऐकू?"

"आली की!"

साफ खोटं. चार बायका एका सुरात गात होत्या. त्यातली आई कुठली, मला काय कळतंय? पण त्यांचा चेहरा बघून 'नाही' म्हणायची माझी छाती झाली नाही.

मग दर रविवारी सकाळी एकदा. एकदाच. पिनेनं रेकॉर्ड झिजते, याची त्यांना लई धास्ती. दर वेळी ते बोट, दर वेळी माझं "आली की!"

वर्षभरानं आप्पा म्हणायला लागले, "आवाज बारीक व्हायलाय. पिन नीट बसंना."

मला तर सगळं तसंच ऐकू येत होतं. ते ऐकतायत होय!

त्यांनी पिनेच्या दांड्यावर चार आण्याचं नाणं ठेवलं. "हाटेलात बघितलंय मी. वजन दिलं की पिन घट्ट बसती." काही दिवसांनी दुसरं नाणं. मग पिन उचलून परत परत कोरसवरच टेकवायला लागले. एकदाच लावायचा नियम कधीच मोडला होता.

दिवाळीपर्यंत कोरसच्या जागी नुसती खरखर उरली.

मी ओरडले. "आप्पा, तुम्ही आईचा आवाज मारलाय!"

ते वाकून पिन पुसत राहिले. आधी वाटलं राग आलाय. मग शंका आली, ऐकू तरी आलं का?

सगळं सामान रिक्षात घालून आम्ही दोघं रसूलभाईंकडं गेलो. त्यांनी स्वतःची एक रेकॉर्ड लावली, डोळे मिटून ऐकली. मग मला बाजूला घेतलं.

"मशीन एकदम बरोबर हाय, बेटा. आप्पांचं कान दाखव कुठंतरी."

तीस वर्षं ग्राइंडरशेजारी काढली होती त्यांनी. कान चालले होते त्यांचे, आणि त्यांना वाटत होतं आई चाललीय. म्हणून ते वजन वाढवत होते.

तरी मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू, करत राहिले. आप्पांनी सेटवर टॉवेल टाकला, तो टाकलाच.

चार वर्षांपूर्वी चंदगडच्या मावसभावानं एक लिंक पाठवली. कुणीतरी तीच रेकॉर्ड नेटवर चढवली होती. स्वच्छ, खरखर नसलेली.

मी फोन वायरनं रसूलभाईंच्या त्याच अॅम्पला जोडला. आप्पांना तोवर काहीच ऐकू येत नव्हतं. कागदावर लिहून दाखवलं, 'आईचं गाणं.' ते जवळ आले आणि स्पीकरवर तळहात ठेवून बसले.

कोरस आला. बोट वर गेलं, अगदी बरोबर जागी.

कोरस थांबला. बोट वरच. मग हळूच खाली आलं.

मला वाटलं, आप्पा चुकले. आता अंदाजपण गेला बिचाऱ्यांचा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी 'आली की' म्हणून मान हलवली. परत तेच खोटं.

गेले पाच दिवस ते गाणं लावायचं धाडस होत नव्हतं. लावलं, आणि बोट दाखवायला कुणीच नसलं, तर? चार अनोळखी बायका गाऊन जातील आणि माझी आई कायमची त्या गर्दीत हरवेल.

आज सकाळी लावलं.

त्यांच्यासारखा स्पीकरवर हात ठेवला. डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा आप्पांच्या चेहऱ्याकडं न बघता ते गाणं ऐकलं.

कोरस थांबतो तेव्हा तिघी थांबतात. एक थांबत नाही. ती अर्धा श्वास जास्त गाते, मग सोडते.

परत लावलं. परत तेच. दहा वेळा लावलं.

आप्पा चुकले नव्हते. त्यांचं बोट तिच्याबरोबर खाली यायचं.

आप्पा, आजवर तुमच्याशी खोटं बोलले आणि त्या दिवशी नको ते बोलले. दोन्हीची माफी आज मागते, उशिरा.

आली. खरंच आली ऐकू.

निवांत जावा आता. तिला ओळखणारं माणूस हाय घरात.

जयभीम, आप्पा.