जीभ घेऊन ये

त्या दिवशी सकाळी सिंधूच्या कोंबड्या ओरडत होत्या. उन्हं अंगणात उतरली तरी खुराड्याचं दार कोणी उघडलं नव्हतं. मी आमच्या बाजूने भिंतीवरून हाक मारली, "अवं सिंधू, कोंबड्या सोड नं!" उत्तर आलं नाही. हाकेला ओ न देणारी बाई ती नव्हती. मी फाटकाकडून वळसा घालून जाईपर्यंत तिचा मुलगा दिलीप दारात येऊन उभा राहिला होता. म्हणाला, "काकू, आई उठूनच नाही राह्यली." मी आत जाऊन तिच्या कपाळाला हात लावला. मग बाहेर आले आणि आधी कोंबड्या सोडल्या... त्यांचा काय दोष?

याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे म्हणतात, सिंधूबाई फार मायाळू होत्या. मला ते पटत नाही. मायाळू बायका गोड बोलतात. सिंधूला गोड बोलता येत नव्हतं. गल्लीत कोणी शिंकलं की ती आधी त्याला चार शब्द सुनवायची, "टोपी घालाले लाज वाटते का?" आणि मग चूल पेटवायची.

ती आमच्या शेजारी राहायला आली ती नवऱ्याची बैहरहून बालाघाटला बदली झाल्यावर. जंगलखात्यात नाकेदार होते ते, छातीने नाजूक. थंडीत त्यांना सर्दीने धरलं की खोकून खोकून भाकरी गिळवत नसे. तेव्हा हिने गावठी कोंबडीच्या पातळ रश्श्यात शेवया टाकून त्यांना दिल्या. आमच्यात उन्हाळ्यात केलेल्या शेवया सणासुदीला खिरीसाठी जपून ठेवतात. त्या कोंबडीत घालायच्या म्हटल्यावर बायकांनी तोंडं वाकडी केली. मीही केलं. "अवं, खिरीची वस्तू कोंबडीत घालते का कोणी?" तर म्हणाली, "आजारी माणसाले गिळाले सोपं पाह्यजे. खाऊन त पाह्य, मंग बोल." मी खाल्लं आणि वाटी पुन्हा पुढे केली.

करायची रीत साधी होती. मसाला नाही, तिखट नाही. आलं, लसूण, मिरे ठेचायचे, चिमूटभर हळद. परसातल्या चुलीवर मंद जाळ, मांस हाडापासून सुटेपर्यंत. कोंबडी कापायला माझे यजमान जात. तेवढ्यापुरती सिंधू पाठ फिरवून उभी राहायची, पण साफ करायला स्वतः बसायची. शेवया अगदी शेवटी, हाताने मोडून, न भाजता. भाजल्या की त्या रस्सा पीत नाहीत, असं तिचं म्हणणं.

मग नाकेदारांचं दुखणं वाढलं. सिंधूने रामपायलीच्या रामाला बोलून ठेवलं की हे बरे झाले तर मी माळ घालीन, मांस-मच्छी सोडीन. ते बरे झाले नाहीत. तेरवी झाली आणि ही रामपायलीला जाऊन तुळशीची माळ घालून आली. मी तोंडावर विचारलं, "देवानं त्याचं केलं नाही, मंग तू काहून करून राह्यली?"

"त्याचं तो पाहीन," ती म्हणाली. "मी बोलली होती, मी माझं करतो."

मला वाटलं, संपला आता शेवयांचा रस्सा. पण पुढच्या थंडीत समोरच्या मास्तरांना सर्दी झाली आणि सिंधूची चूल पेटली. तिने खायचं सोडलं होतं, करायचं नाही. अडचण एकच... चाखणार कोण? हिला माळ, आणि सर्दी झालेल्याला चव कळत नाही. त्या वेळी तिने अंदाजाने मीठ घातलं. मास्तर वाटीभर पिऊन "वा वा" म्हणाले. उरलेलं त्यांच्या बायकोने तोंडात घातलं आणि ती थेट माठाकडे पळाली. त्यानंतर भिंतीवरून मला हाक यायला लागली, "अवं, जीभ घेऊन ये!"

मी हातातलं काम टाकून जायचे. ती पळीतला रस्सा माझ्या तळहातावर ओतायची आणि मी चाटताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. मी बोलायच्या आधी तिला कळायचं. माझे यजमान म्हणायचे, "सिंधूबाईनं आपली जीभ आमच्या घरी ठेवून देल्ली. तरीच आमच्या इकडे दोन-दोन चालतेत."

एका पौषात आमचं सगळं घर सर्दीने धरलं. यजमान, सून, मी. माझी छातीत उतरली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर औषध एकटं काय करणार? मला पेजेचा वासही सोसत नव्हता. एक घोट घेतला की उलटून पडायचा. यजमान खाटेपाशी बसून राहायचे. दुपारी सिंधू डेगची घेऊन आली. चाखणारी तर खाटेवर. तिने यजमानांना पळी दिली. ते म्हणाले, "अळणी हाय." सुनेला दिली. ती हिंदी मुलखातली, म्हणाली, "काकी, नमक तो ज्यादा लग रहा है." मला दिली, मला फक्त गरम कळलं. सिंधूने आमच्या तिघांकडे पाहिलं. "एकाच्याही नाकात जीव नाही!" म्हणाली आणि डेगची उचलून निघून गेली.

परत आली तेव्हा केस ओले होते. पौषातली थंडी, आणि हिचे केस ओले. "खा," म्हणाली. मी घोट घेतला. घसा सोलून निघाला होता, पण घोट झोंबला नाही. दुसरा घेतला. वाटी संपली आणि आत राहिली. मग माझं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. माळेतून पाणी गळत होतं.

"तू चाखलं का वं?"

"मंग काय तुले खारं पाजू? उलटलं असतं त पुन्हा तोंड उघडलं असतं का तू? माळ काढून खुंटीवर टांगली, पळीभर चाखलं, आंघोळ केली, घातली."

"अन् देवाले काय सांगशीन?"

"खरं सांगीन. म्या काही चवीसाठी नाही खाल्लं."

"चवीसाठीच त खाल्लं!" यजमान म्हणाले. नाकेदार गेल्यावर ती एवढी हसलेली मी तेव्हाच पाहिली.

थंड पाण्याच्या त्या आंघोळीने तिलाच सर्दी झाली. मी उठून बसू लागल्यावर कुळथाच्या पाण्यात शेवया टाकून तिच्याकडे नेल्या. नाक बंद, डोळे गळतायत, आणि म्हणते, "मीठ कमी हाय." मी चाखून पाहिलं. कमी होतं. बरी झाल्यावर ती बसने एकटी रामपायलीला जाऊन आली. तिथे काय बोलली ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून थंडी पडली की मी कान बांधूनच फिरते. लोकांना वाटतं, म्हातारी जिवाला फार जपते. मी आजारी पडले असते तर तिला पुन्हा माळ काढावी लागली असती, एवढाच माझा हिशोब होता.

माळ तिच्या गळ्यातच होती, तिच्याबरोबर गेली. कोंबड्या आता आमच्या अंगणात असतात. परवा दिलीप स्वयंपाकघराला चुना मारत होता म्हणून चहा घेऊन गेले. चुलीच्या वरच्या बाजूला, भिंतीत ती लाकडाची खुंटी. तिच्यावर हात ठेवून तो म्हणाला, "काकू, हे काढून टाकू का? काही टांगत त नाही कोणी इथं."

"राहू दे," मी म्हटलं. "तिच्या भोवतानं मार चुना."

त्याने काहून ते विचारलं नाही. बरं केलं.