भिंतीवरचे दहा लाख एक

आमची शाळा चौसाळ्याच्या पुढे, हायवे सोडून आत. मी तिथे गणित शिकवते. गेल्या वर्षी गणित दिनासाठी दर्शनी भिंत रंगवली, तेव्हा मी रजेवर होते. परत आले तर फाटकातूनच दिसलं. निळ्या ऑइलपेंटमध्ये हातभर उंच अक्षरं: 'अविभाज्य संख्या १०,००,००१'.

संख्या संस्थेच्या अध्यक्षांनी सुचवली होती. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात, तसा त्यांनी दहा लाखांवर एक ठेवला. पुस्तकात आता 'मूळ संख्या' म्हणतात, पण अध्यक्ष शिकले तेव्हाचा शब्द अविभाज्य, म्हणून भिंतीवर तोच.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, "सर, ही अविभाज्य नाही. हिला भाग जातो."

"दोननं जातो का?"

"नाही."

"तीननं? सातनं?"

"नाही, पण एकशे एकनं जातो."

"एवढं लांब कोण बघायला जातंय, मॅडम?"

त्यांच्या खोलीतल्या फळ्यावर मी मांडून दाखवलं. दहा लाख म्हणजे शंभराचा घन. त्यात एक मिळवला की घनांच्या बेरजेच्या सूत्रानं एकशे एक हा अवयव निघतोच. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक. सरांनी मोबाइलवर गुणाकार केला. बरोबर आला. मला वाटलं, आता तरी ओशाळतील. ते खूश झाले.

"एकशे एक तर शुभच हाय. अध्यक्षांना आवडंल."

रविवारी घरी बसून मी दहा लाख तीनला हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत गेले. एकानेही भाग गेला नाही. म्हणजे नुसता शेवटचा आकडा बदलला तरी भागणार होतं. सोमवारी अध्यक्ष शाळेत आले, तेव्हा मी तसं सांगितलं.

"तीन नको, बाई," ते म्हणाले. "एकच राहू द्या. कावून एवढा ताप करून घेता?"

"साहेब, शेवटी एक असला की संख्या अविभाज्य, असं मुलं धरून चाललीत. सातवीच्या चाचणीत एकवीसही अविभाज्य लिहिलंय."

"मग लहान आकडे तुमी बघा. मोठे आमच्यावर सोडा."

मी वर्गावर निघून गेले. फळ्यावर एकवीस लिहिलं आणि त्याखाली तीन गुणिले सात.

दोन दिवसांनी सरांनी मला भिंतीपाशी नेलं. पेंटरकडून त्यांनी फक्त 'अ' वर पांढरा रंग फिरवून घेतला होता. 'विभाज्य संख्या १०,००,००१'.

"संख्या अध्यक्षांची, शब्द तुमचा. आता चूक हाय का?"

चूक नव्हती. पण विभाज्य संख्या तर ढिगानं आहेत. मग हीच भिंतीवर कशाला, हे सरांना ऐकायचं नव्हतं. मी "ठीक आहे" म्हणाले.

पुढच्याच तासाला सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ती भिंतीवरची संख्या कशानं विभाज्य हाय?"

मी वर्गाला ती एकशे एकनं भागायला सांगितली. निम्म्या वर्गानं मधलं शून्य गाळून नऊशे एक्क्याण्णव उत्तर काढलं. मी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.