जुना बेल्ट कुठे आहे?

गाडीचं काहीही बदललं तरी काढलेली जुनी वस्तू मला परत हवी असते. ब्रेकचे लायनर असोत की साधा ऑइल फिल्टर, कागदात गुंडाळून माझ्या हातात द्यायचा. इंदापूरच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काम करते तिथे रिपोर्ट दिल्याशिवाय रक्ताची नळी टाकून देत नाहीत. तीच सवय मी गाडीलाही लावली. मिस्त्री हसतात. हसू देत.

मिस्त्री म्हणजे चाचा. बारामती संपता संपता इंदापूर रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. साठी ओलांडलेला, कमी बोलणारा, कामात चोख माणूस. गाडी माझी, तेरा वर्षांची, डिझेलवरची. सेकंडहँड घेतली तीही माझ्याच पगारातून. बारामतीतल्या जळोचीहून, म्हणजे घरून, सकाळी साडेसहाला निघायचं आणि आठच्या आत लॅब उघडायची, कारण उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं तोवर पायरीवर येऊन बसलेली असतात. त्यातल्या काही म्हाताऱ्या तर दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नाहीत. तुझी सुई कळत नाही बाई, म्हणतात. त्या लॅबमध्ये यंत्र कुठे ठेवायचं इथपासून सगळं माझ्या मनाने चालतं, आणि ते मला आवडतं. हे आधीच सांगून ठेवते.

आता बेल्टचं. इंजिनातला टायमिंग बेल्ट हा फार घुम्या प्राणी. क्लच जळाला की वास येतो, ब्रेक झिजले की कर्कश ओरडतात. हा प्लॅस्टिकच्या झाकणाआड गुपचूप फिरत राहतो आणि एक दिवस तुटतो. तुटला की आतले व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि चालत्या गाडीचं इंजिन जागेवर बंद पडतं. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरला ओलांडताना असं झालं तर काय होईल, ते मला रोज दिसत होतं. म्हणून तो तुटायच्या आधीच बदलायचा असतो. माझ्या गाडीच्या पुस्तकातली मुदत किलोमीटरनेही संपली होती आणि वर्षांनीही.

दिवाळी झाल्यावर मी गाडी चाचांकडे लावली. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप, तिन्ही बदला म्हणून दोनदा बजावलं. दोन दिवसांनी आमचे हे गाडी घेऊन घरी आले. हे साखर कारखान्याच्या ऑफिसात आहेत, मोटरसायकलवर जातात-येतात. गाडी चालवता येते, पण तिच्या पोटात काय आहे याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

"झालं काम," हे म्हणाले.

"जुना बेल्ट?"

"राहिला तिकडंच. काय लोणचं घालायचंय का त्याचं?"

मी चाचांना फोन लावला. "हाय मॅडम, बाजूला ठिवलाय," ते म्हणाले. चार दिवसांनी पुन्हा लावला, तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला वाटतं. "परवा तर बाजूला ठेवला होता म्हणालात." "व्हय व्हय, बघतो ना मॅडम." हा माणूस वायसरसुद्धा चिंधीत बांधून देणारा. त्याची ही टोलवाटोलवी ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण लॅबमध्ये तापाच्या पेशंटची रांग लागली होती, आणि मी रोज त्याच गाडीने जात-येत राहिले.

मधल्या एका रविवारी सासूबाईंना मासे खायची हुक्की आली. म्हणून दोन्ही पोरं, सासूबाई आणि हे, सगळ्यांना गाडीत घालून भिगवणला गेलो. हायवेला लागल्यावर मी म्हणाले, "बेल्ट नवा आहे, आता बिनघोर पळवते." हे खिडकीबाहेर बघत राहिले. पाण्यावरचे पक्षी बघत असतील असं मला वाटलं.

तीन आठवडे झाले. एका शनिवारी परतताना मी घरी न जाता सरळ गॅरेजात गाडी घातली आणि बॉनेट उघडलं.

"चाचा, वरचं झाकण काढा. मला बेल्ट बघायचाय."

"आत्ता? इंजिन गरम हाय, मॅडम."

"मी थांबते."

"उद्या सकाळच्याला या की."

"चार बोल्ट आहेत. तुम्ही काढता की मी काढू?"

चाचांनी पाना घेतला. इतक्या सावकाश बोल्ट काढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. झाकण बाजूला झालं. आत नवं काहीच नव्हतं. तोच जुना बेल्ट, कडेने सुतं निघालेला, आणि दात्यांच्या मुळाशी उन्हात पडलेल्या चपलेसारख्या भेगा. चाचा माझ्याकडे बघेनात.

"सायबांचा फोन आला व्हता," ते म्हणाले.

"काय म्हणाले?"

"बेल्ट राहू द्या, ऑइल तेवढं बदला म्हणले. पुढल्या म्हयन्यात गाडी इकायचीच हाय. मॅडमची नोकरी आता हितं बारामतीतच व्हणार हाय, म्हणले."

"आणि हे मला माहीत आहे, असंही म्हणाले?"

"व्हय."

माझी नोकरी बदलणार ही बातमी मला माझ्या मिस्त्रीकडून कळली. अंगाचा तिळपापड झाला. समोर चाचा होते, म्हणून राग चाचांवर निघाला.

"मग मी फोन केले तेव्हा का नाही सांगितलंत?"

"नवरा-बायकोच्या मधी कुठं पडायचं, मॅडम. मालक म्हणले म्हणल्यावर..."

"मालक कोण? आरसी बुकावर नाव कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग?"

त्यांनी हात पुसलेल्या चिंधीला पुन्हा हात पुसले. "तुमी बेल्ट मागत व्हता आन् मी खोटं बोलत व्हतो. लई जड गेलं," ते म्हणाले. मला त्यांची दया आली नाही. जड गेलेलं असताना ते तीन आठवडे घरी झोपले होते, आणि मी ट्रॉल्या ओलांडत होते.

गाडी तिथेच ठेवून मी रिक्षाने घरी गेले. त्या रात्री एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर सगळी आळी जमली असती. रविवारी सकाळी गॅरेजात जाऊन खुर्ची टाकून बसले. दुकानातून आलेला पहिला बेल्ट चाचांनी जुन्यापाशी धरला तर दोन दाते कमी. तो परत पाठवला, दुसरा यायला दुपार झाली. वॉटर पंपाचा एक बोल्ट गंजून बसलेला, त्याने आणखी तासभर खाल्ला. मी जागची हलले नाही. नवा बेल्ट चढवल्यावर चाचांनी पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं आणि मला वाकून बघायला लावलं, पुलीवरच्या खुणा जिथल्या तिथे आल्यात की नाही. आल्या होत्या. मग त्यांनी न मागता जुना बेल्ट कागदात गुंडाळून दिला.

घरी हे सोफ्यावर पेपर वाचत होते. मी पुडकं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उघडून पाहिलं आणि काय झालंय ते त्यांना कळलं.

"तुझ्यासाठीच केलं," हे म्हणाले. "रोजची ही ये-जा, ट्रॅफिक. काळजी वाटते मला. इथल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये ओळख निघाली, घरापासून दहा मिनिटं. म्हटलं गाडी विकायचीच आहे तर तिच्यावर खर्च कशाला?"

"काळजी वाटत होती, तर मला तीन आठवडे याच बेल्टवर कसं पाठवलंत?"

"इतकी वर्षं चालला. महिनाभर काय होणार होतं?"

"भिगवणला पोरं होती गाडीत. तुमची आई होती."

त्यांनी बेल्ट वाकवून बघितला, भेगा उघडल्या तसा पटकन खाली ठेवला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं ते. पण मला हवं होतं ते उत्तर अजून आलं नव्हतं.

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

यात काही वावगं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. नाही म्हणाले असते म्हणून विचारलंच नाही! वीस वर्षांच्या संसारात असं आणखी काय काय परस्पर ठरलं असेल, याचा हिशेब मनात सुरू झाला आणि मीच तो थांबवला. त्याला अंत नव्हता. "तिकडे सांगून टाका, मी येणार नाही," म्हणाले आणि कणीक मळायला गेले.

यांनी सांगितलं नाही. अवघड वाटलं असणार. सोमवारी दुपारी मी इंदापूरला लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या लावत असताना त्या दवाखान्यातूनच फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या. एक तारखेपासून जॉइन व्हा, सकाळची शिफ्ट तुमच्यासाठी ठेवली आहे, गणवेशाचं माप पाठवा.

"मी येणार नाहीये," मी म्हणाले.

"अहो, असं कसं मॅडम? साहेबांनी तर तुमच्या वतीने होकार दिलाय."

"मग साहेबांचंच माप घ्या," मी म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.