उपवासाला चालणारा पाला

आमच्या घरात व्यसन नाही, हे वाक्य माझ्या नवऱ्यानं जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा देवाचं नावही घेतलं नसेल. सुपारीचं खांड नाही, तंबाखूची चिमूट नाही. चहासुद्धा पाहुणा आला तरच. असा नवरा मिळाला की बायकोनं जन्मभर उपकार मानायचे असतात. मी मानत होते, कारण माझा सख्खा भाऊ याच गावात, पलीकडच्या आळीत, दारू पिऊन पडायचा.

त्याला यांनी उंबरा बंद केला होता. भाऊबीजेला मी ताट घेऊन मारुतीच्या पारावर जायची आणि तिथं ओवाळून यायची. पुढं भावानं दवाखान्यात उपचार घेऊन दारू सोडली, तरी उंबरा बंदच राहिला. सुटलेली दारू हीसुद्धा आमच्याकडं दारूच.

आमची खव्याची भट्टी आहे. ईट गावाच्या बाजूला असल्या भट्ट्या लई. कढईत दूध चढवलं की उलथनं घेऊन उभं राहायचं आणि गोळा होईपर्यंत हलवत राहायचं. हात थांबला की खाली लागलंच, आणि करपलेल्या खव्याला व्यापारी हात लावत नाही. वर्षानुवर्षं असं हलवून यांची पाठ गेली. गोळ्या घ्यायच्या नाहीत, गोळ्या म्हणजे रसायन. मग मोबाईलवरच्या कुठल्याशा ग्रुपात यांना क्रॅटम सापडलं. परदेशातल्या कुठल्या झाडाची पानं वाळवून केलेली हिरवी पूड. पाकिटावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं छापलेलं. झालं, यांचं समाधान झालं. अफू काय कारखान्यात पिकते का, असं मी विचारलं तर यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

ताकात कालवून घ्यायचे. कडूजहर. पण पाठदुखी थांबली हे खरं, माणूस जरा हसायलाही लागला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग सकाळची पूड दुपारीही लागायला लागली, मग संध्याकाळीही. सपाट चमच्याला शीग आली. पोट साफ होईना, भूक मेली, जरा उशीर झाला की अंगावर खेकसायचे. मी म्हणाले, ही सवय लागलीय. सासूबाई म्हणाल्या, मग तुळशीच्या पानाचीबी लागत असंल.

नवरात्रात घट बसले. नऊ दिवस यांचा कडक उपवास असतो, पायात चप्पल नाही, अंगाखाली गादी नाही. पेच पडला तो पुडीचा. घरात रीतसर चर्चा झाली. पूड धान्यात मोडत नाही, कांदा-लसणात मोडत नाही. सासूबाईंनी निकाल दिला, पाला उपवासाला चालतो. अन्न सोडलेला, चप्पल सोडलेला हा माणूस पूड घेतल्याशिवाय घटाला माळ घालायलाही उठत नव्हता, आणि याला आम्ही सगळे कडक उपवास म्हणत होतो.

नेमका त्याच नवरात्रात कुरिअरवाला आला नाही. पाकीट संपलं. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, अंगाला कापरं सुटलं, पोटात कळा, पाय एका जागी ठरेनात. सासूबाईंनी दृष्ट काढली. मग देवीचं काय चुकलं म्हणून नारळ ठेवला. मी गुपचूप भावाला फोन केला. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच यांच्याकडं पाहिलं.

“ताई, हे म्या भोगलंय. गाडी आणतो,” एवढंच म्हणाला.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नशा कधीपासून? सासूबाई खवळल्या. बाईंनी शांतपणे सांगितलं की हा पाला मेंदूत अफूच्याच जागी जाऊन बसतो, दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतला तर श्वाससुद्धा अडकू शकतो, आणि पाकिटात नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. घरच्या घरी सोडायची मर्दुमकी नको, औषधं देऊ, नेमानं येत राहा, पाठीचा इलाज वेगळा करू. मग यांना व्यसनमुक्तीच्या बाकावर बसवलं. दोन्ही बाजूंना दारू सोडायला आलेले. यांचा चेहरा भलत्याच लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा. मला असा संताप आला की बस! याच माणसानं माझ्या भावाला कुत्र्यासारखं बाहेर ठेवलं होतं. आणि घाम पुसत, पाय आपटत बसलेल्या त्याच माणसाकडं बघून मला रडूही येत होतं.

पूड हळूहळू सुटली. मधे एकदा चोरून मागवली, पुन्हा दवाखाना झाला. पण नशा हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. लोकांना सांगायचे, पाठीचं दुखणं होतं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, जोवर नाव घेत नाही तोवर ती परत येणार. आणि भावाला ‘आत या’ म्हणणं, तेही नाहीच.

यंदा घट बसले तेव्हा दसऱ्यामुळं खव्याला मागणी होती. यांची पाठ पुन्हा धरली. परसातल्या भट्टीवर उभे असताना सासूबाई ताकाचा पेला घेऊन आल्या. देव्हाऱ्यामागं एक पाकीट त्यांनी जपून ठेवलं होतं, अडीअडचणीला. मायेनंच.

“घे बाळा, उपवासाला चालतंय.”

यांनी पेला घेतला. ताक हिरवं होतं. पितही नव्हते, खालीही ठेवत नव्हते. उलथनं थांबलं होतं. मी पेला ओढून घ्यायला पुढं झाले तर यांनी मान हलवली.

“तुझ्या भावाला बोलीव.”

भाऊ आला आणि सवयीनं उंबऱ्याशी थांबला. परसात यायची वाट घरातूनच आहे.

“आत या, पाव्हणं,” यांनी हाक मारली. मग सासूबाईंकडं बघून म्हणाले, “आई, ही नशा हाय. मला लागली व्हती.” पेला त्यांनी भावापुढं धरला. “पाव्हणं, माझ्या हातनं सांडवंना. तुमी सांडा.”

भावानं पेला घेतला, मोरीत ओतला, विसळून पालथा घातला. सासूबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कढईभर खवा करपून काळा झाला होता आणि घरभर त्याचा वास सुटला होता. ते दोघं कढईच्या दोन बाजूंना बसून खरवडत राहिले. यंदा भाऊबीजेचं ताट पारावर न्यायचं नाही, हे मी तिथंच, पाणी ओतता ओतता ठरवून टाकलं.