नळीत न उतरलेलं काडतूस

बहरीनच्या शूटिंग क्लबात पिस्तुलं दुरुस्त करणारा रत्नागिरीचा तो माणूस मला एकदाच भेटला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती, आणि मी स्वतः घरी दारू-गोळी भरून बनवलेली दोनशे काडतुसं पिस्तुलात अडकत होती. मी पुण्याचा इंजिनियर, म्हणजे दोष पिस्तुलाचाच.

त्याने आधी सावकाश चहा संपवला. मग नळी सुटी करून काडतूस तिच्यात नुसतं सोडलं. ते अर्ध्यातच थांबलं.

"गोळी बसवायला पसरवलेलं तोंड परत आवळलंच नाहीये, साहेब."

"अहो, एकूण एक काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजलीय!" मी मापांचा छापील तक्ता पुढे केला.

"मोजलीत, बरं केलंत. पहिलं भरल्यावर नळीत टाकून बघितलंत?"

मी तक्ता आणखी पुढे सरकवला.

त्याने तक्ता अदबीने घेतला, मन लावून वाचला आणि त्याच्यावर तेलकट नळी निथळत ठेवली.