उसनी पोरं आणि हेडमास्तरची खुर्ची

माणसाने आयुष्यात एकाचाच मत्सर करावा, पण तो मनापासून करावा. मी समोरच्या मास्तरांचा केला.

सोलापुरात विणकरांच्या पेठेत एका बोळाच्या या बाजूला माझी शाळा आणि त्या बाजूला त्यांची. दोन्ही खाजगी, दोन्हींना सरकारी ग्रँट. माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं, माझं गणित पक्कं, माझा कोट नवा. तरी बायका पाण्याला जाताना थांबायच्या त्यांच्या खिडकीपाशी. कारण ते पाढे मराठीतून म्हणून घ्यायचे आणि मध्येच पोरांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी बोलायचे, की चाळीस पोरं एकदम खिदळायची. ते काय बोलायचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्यावरच असणार, अशी माझी खात्री होती.

पण एका बाबतीत आमचं सख्य होतं. त्या काळी ग्रँट ठरायची तपासणीच्या दिवशी किती डोकी हजर आहेत त्यावर. शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे आमचे दिपोटीसाहेब, यायचे, डोकी मोजायचे, जायचे. आमची निम्मी पोरं घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसलेली. त्यामुळे गरिबाच्या पेठेतल्या शाळेला नेहमीच कमी मिळायचं आणि कमी मिळालं की शाळेचे मालक मास्तरला घरी पाठवायचे. म्हणून आम्ही पोरं उसनी द्यायचो. दिपोटी त्यांच्याकडे यायचे असले, की आदल्या दिवशी मी माझ्या पोरांच्या घरोघरी जाऊन सांगायचो, "उद्या दिपोटी येणार, पोरं आंघोळ घालून पाठवा." की माझी पोरं त्यांच्या शाळेत जाऊन बसायची. माझ्या तपासणीला ते तसंच करायचे. स्वतःच्या तपासणीसाठी घरोघर फिरायची गरज नव्हती, ते आम्ही वर्गातच सांगून टाकायचो. दिपोटींना हे कळत नसेल असं नाही. शेंबूडसुद्धा तोच असायचा.

मग प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा आला. शाळा म्युनिसिपालिटीच्या स्कूल बोर्डाकडे जाणार, मास्तर बोर्डाचे नोकर होणार, मालकाच्या लहरीवर कुणाला काढता येणार नाही, असं सगळे सांगू लागले. आमच्या बोळातल्या दोन शाळांची एक शाळा व्हायची होती आणि हेडमास्तर दोघांतून एकच. दोघेही ट्रेनिंग पास, दोघांची नोकरी सारख्याच वर्षांची. दिपोटी एकाच सकाळी दोन्ही शाळा पाहून शिफारस करणार होते.

"आता उसनी पोरं बंद हं, मास्तर," समोरचे मास्तर बोळात भेटले तेव्हा म्हणाले.

"बंद तर बंद," मी म्हणालो. मला बरंच वाटलं. पटावर माझीच पोरं जास्त होती.

"आणि खुर्ची तुमच्याकडे आली तर मला तिसरीचा वर्ग द्या. पहिलीतली फार डोकं खातात."

इतकं हसत बोलले, की मला रात्रभर झोप नाही. हसणाऱ्या माणसाला काहीतरी ठाऊक असतं. तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी मी वर्गात सांगितलंच, पण तेवढ्यावर न थांबता नवा कोट घातला आणि सगळ्या बोळांतून दारोदार फिरलो. प्रत्येक दारात तेच वाक्य. मागांच्या खटखटाटात ओरडून ओरडून घसा बसला. लोकही मोठ्या अदबीने माना डोलवत होते. समोरचे मास्तर मात्र दारात बसून सुपारी कातरत होते. मला त्यांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी दिपोटी माझ्या वर्गात आले तेव्हा समोर सहा पोरं होती. त्यातलं एक झोपलेलं.

"बाकीची?" दिपोटी म्हणाले.

बोळापलीकडून पाढ्यांचा असा गजर येत होता की कौलं हलावीत. तेवढ्यात एक विणकर बाई मुलीला ओढत आली आणि माझ्या दारावरून सरळ समोर निघाली.

"अहो अक्का, इकडं, इकडं," मी म्हणालो.

"न्हाय की मास्तर. काल तुमीच दारात येऊन सांगितलं न्हवं? तुमी दारात आला की पोरं तिकडं बसवायची. इतकी वर्सं हेच चाललंय की."

दिपोटींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आम्ही बोळ ओलांडला. समोरचे मास्तर घामाघूम झाले होते. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि पोरं खिडकीतही बसली होती.

"साहेब," ते म्हणाले, "यातली निम्म्याहून जास्त या मास्तरांची आहेत. माझी नव्हेत."

ते बोलले नसते तर मी त्यांना जन्मभर सुखाने लबाड म्हटलं असतं. तेही त्यांनी हिरावून घेतलं.

जाता जाता दिपोटी मला म्हणाले, "मास्तर, नव्या नियमात हजर डोक्यांवर काही नाही. पेठेत मुलं किती राहतात त्यावर बोर्ड शाळेला पैसा देणार आहे. परिपत्रक वाचलं नाहीत?"

वाचलं नव्हतं. कोटाला इस्त्री करत होतो.

खुर्ची समोरच्या मास्तरांना मिळाली. मला सहायक म्हणून कायमची नेमणूक मिळाली, कागदावर शिक्क्यासह. ज्याला मालक कधीही हाकलू शकत होता, त्याला आता कुणी हात लावू शकत नव्हतं, आणि मला धड रडताही येईना. मी बदलीचा अर्ज लिहिला. अर्ज हेडमास्तरांमार्फतच जायचा. त्यांनी वाचला आणि कारणाच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथं काय लिहायचं?"

"तुम्हीच सुचवा."

त्यांनी थोडा विचार करून लिहिलं, "प्रकृतीस हवापालट आवश्यक." खाली माझ्या कामाची अशी स्तुती केली की वाचून मलाच माझा हेवा वाटला. पंधरा दिवसांनी बोर्डाचं उत्तर आलं: शहरातल्या सर्व पेठांची हवा सारखीच आहे, शिवाय इतका गुणी शिक्षक त्या शाळेतून हलवणं योग्य होणार नाही.

तेव्हापासून मी त्याच शाळेत आहे. तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. पहिलीचा त्यांनी स्वतःकडे ठेवला आहे.