लांब का?

कुसुमआत्यांच्या गाडीत बसून बाहेर पडताना 'कुठे?' हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. सीटबेल्ट लावलेले असोत, गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचलेली असो, कोणी 'आपण कुठे चाललोय?' म्हटलं की आत्या करकचून ब्रेक मारायच्या. "झालं! टोकलंस ना?" की गाडी मागे. सगळ्यांनी उतरायचं, घरात जायचं, बूट काढायचे, दोन मिनिटं सोफ्यावर टेकायचं, गुळाचा खडा तोंडात टाकून घोटभर पाणी प्यायचं आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा निघायचं. निघणाऱ्याला 'कुठे' विचारू नये, 'लांब का?' विचारावं, ही त्यांच्या आईची शिकवण. चिपळूणहून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला येताना आत्यांनी ती सोबत आणली आणि चाळीस वर्षं जपली. 'लांब का?'ला त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "छे गं, अगदी जवळ." या अगदी जवळमध्ये एकदा वेल्स आलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, मकरंदची आत्या. काका लवकर गेले. आत्यांनी शाळेच्या किचनमध्ये इंग्रज पोरांना बटाट्याचा मॅश वाढत नोकरी केली, रिटायर झाल्या आणि एक छोटी लाल गाडी घेतली. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. अजूनही घरातून निघताना कोणी 'कुठे' म्हटलं की माझा हात आपोआप गुळाच्या डब्याकडे जातो.

आम्ही पुण्याहून इथे आलो त्याच्या पहिल्याच शनिवारी सकाळी साडेआठला बेल वाजली. घरात सगळीकडे खोकी. दारात पाच फुटांच्या आत्या, साडीवर टोपीवालं अनोरॅक जाकीट, पायात रबरी वेलिंग्टन बूट.

"ऊन आलंय. चला."

"आत्ता? अहो आत्या, पण काही ठरलं नव्हतं ना!"

"अगं मृणाल, ट्रिप ठरवायची नसते, सुचायची असते."

मी पडले प्रोजेक्ट मॅनेजर. माझ्या आयुष्यात दात घासण्यालासुद्धा डेडलाइन. मी अगदी स्वाभाविकपणे विचारलं, "पण कुठे?" आणि या देशातला माझा पहिला गुळाचा खडा मी खोक्यांवर बसून खाल्ला. आत्यांनी तो पर्समधून काढला होता, कारण नवीन माणूस टोकणार याची त्यांना खात्री होती.

ट्रिप अचानक सुचायची खरी, पण सुचण्याची तयारी मात्र कडेकोट असायची. त्यांच्या हॉलमध्ये जिन्याखाली एक निळी पिशवी कायम भरलेली. तिच्यात चटई, थर्मास, चिवड्याचा डबा, चार रेनकोट, एक विळी. हो, विळी! पार्कात बसून आत्या कोशिंबिरीची काकडी विळीवर चिरायच्या. "सुरीने चिरलेली काकडी मला गिळवत नाही," एवढंच त्याचं कारण. येणारे-जाणारे कुत्रेवाले थबकून बघायचे. कुत्री मात्र लांबूनच जायची.

रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅवशी त्यांचं उभं वैर. मकरंदने हौसेने बसवून दिला, तर सुरू केल्याबरोबर पडद्यावर पहिला प्रश्न आला, 'व्हेअर टु?' आत्या म्हणाल्या, "मेल्याने टोकलं!" आम्ही सगळे खाली उतरलो. गूळ, पाणी, पुन्हा गाडी. पुन्हा 'व्हेअर टु?' शेवटी त्यांनी त्यावर टी-कोझी, म्हणजे चहाच्या किटलीची लोकरी टोपी, चढवली. मग ठिकाण कसं सुचायचं? तर आत्या आमच्या शहराच्या रिंग रोडला लागायच्या आणि सुचेपर्यंत फिरत राहायच्या. "दुसऱ्या फेरीला सुचतंच," असं त्या म्हणायच्या. मला मात्र तोवर मळमळायला लागायचं.

अशाच एका फेरीनंतर त्यांना एक नामी बाग सापडली. गवत असं की गालिच्यावर इस्त्री फिरवल्यासारखं, आणि माणूस एकही नाही. "बघ, लोकांना चांगल्या जागा माहीतच नसतात!" आम्ही बरोब्बर मधोमध चटई टाकली, दडपे पोहे काढले. दहा मिनिटांनी पांढऱ्या कपड्यातले सात-आठ म्हातारे रांगेने आले आणि कडेला उभे राहिले.  अखेर एक आजोबा बूट काढून, मोज्यांवर चालत आमच्यापाशी आले आणि फार फार सॉरी म्हणून म्हणाले की तुम्ही आमच्या बोलिंग ग्रीनवर, म्हणजे खेळाच्या हिरवळीवर, बसला आहात. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्यांनी त्यांना पोह्यांची बशी दिली. आजोबा नको म्हणू शकले नाहीत. मग त्यांनीही आत्यांना एक बोल, म्हणजे त्या खेळाचा जड चेंडू, टाकायला दिला. तो खेळच असा की बोल मुद्दाम वळतो. आत्यांनी तीनदा टाकला, तीनदा तो गटाराकडे गेला. "हे बघा, तुमचा माल सदोष आहे," त्यांनी इंग्रजीत ठणकावून सांगितलं. पुढे तेच आजोबा दर ख्रिसमसला त्यांना कार्ड पाठवायचे.

आमची इरा इथेच जन्मली. तिला 'कुठे'चा अर्थ 'गूळ' असाच वाटायचा. एका रविवारी गाडी गल्ली ओलांडेना, कारण कार्टी दर वळणावर गोड हसून विचारायची, "आत्याआजी, आपण कुठे जातो आहे?" आम्ही घरातून पाच वेळा निघालो. बागेत पोचलो तेव्हा माळी फाटक लावत होता. आत्या तिच्यावर चिडल्या नाहीत. "पोरीला आमची रीत तरी कळली," म्हणाल्या आणि फुटपाथवर चटई टाकली.

मग त्यांचे डोळे बिघडले. पडद्याचा आजार, ऑपरेशनने सुटणारा नव्हे. हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात सांगितलं की आजपासून ड्रायव्हिंग बंद. येताना गाडी मी चालवली, माझी. आत्या रस्ताभर खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर एवढंच बोलल्या, "म्हणजे आता मी पार्सल. वेळ ठरवून उचलायचं, वेळ ठरवून पोचवायचं." लाल गाडीची किल्ली त्यांनी लपवून ठेवली. मकरंदने विचारलं, "आत्या, किल्ली कुठे ठेवलीस?" तर म्हणाल्या, "कुठे विचारू नये."

मी माझ्या परीने उपाय काढला. कॅलेंडरवर 'आत्या, पार्क, रविवार अकरा ते एक' असं टाकून त्यांना इन्व्हाइट पाठवलं. त्यांनी उत्तरात 'मेबी' दाबलं. रविवारी गेलो तर त्यांचं डोकं दुखत होतं. पुढच्या रविवारी गुडघा. तिसऱ्या रविवारी त्या दारातच म्हणाल्या, "अगं, ही बाग आहे की दाताची अपॉइंटमेंट?" मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी इतकं करतेय, आणि यांचे नखरे! पण परत येताना जिन्याखालची निळी पिशवी दिसली. ती रिकामी, घडी घालून ठेवलेली होती. 

त्यानंतरच्या शनिवारी मी लॅपटॉप उघडून बसले होते, मशीनमध्ये कपडे फिरत होते, आणि अचानक खिडकीतून ऊन आलं. मी काही विचार केला नाही. पायजम्यावर कोट चढवला, मकरंदला आणि इराला होते तसे गाडीत कोंबलं आणि आत्यांची बेल दाबली.

"ऊन आलंय. चला."

आत्यांनी माझ्या पायजम्याकडे पाहिलं. त्यावर बदकं होती.

"आत्ता?"

"आत्ता."

त्या आत गेल्या आणि पिशवी भरल्याचा आवाज आला. डबा, थर्मास, मग विळीचा खणखणाट. बूट घालून त्या बाहेर आल्या, दाराला कुलूप लावलं, आमच्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अगं, पण कुठे?"

 आत्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षांत ज्या बाईने तो शब्द कोणाला उच्चारू दिला नाही, तिच्याच तोंडून तो निसटला होता. नेणाऱ्याच्या शेजारी बसलं की तो प्रश्न पडतोच, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"आत्याआजी!" इरा किंचाळली. "'कुठे' नाही विचारायचा! उतरा सगळे!"

आम्ही उतरलो. कुलूप उघडलं, बूट काढले, सोफ्यावर ओळीने बसलो. आत्यांना हसू आवरत नव्हतं आणि डोळेही पुसायचे होते, त्यामुळे गूळ आणायला इराच गेली. तिने डबा उघडला आणि ओरडली, "आई, गुळात चावी आहे!"

लाल गाडीची किल्ली. चिकट, मुंग्या लागायच्या बेतात. आत्यांनी ती पाण्याने धुतली, अनोरॅकला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली. इन्शुरन्सवर माझं नाव कधीचं होतं, पण चाक त्यांनी आजवर कोणाच्या हाती दिलं नव्हतं.

"हीच काढ. महिनाभर उभी आहे, रुसली असेल."

गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली. सॅटनॅववरची टी-कोझी मी तशीच ठेवली. मागून इराने शहाण्यासारखं विचारलं, "आई, लांब का?"

"छे गं, अगदी जवळ," मी म्हणाले. मला काडीचीही कल्पना नव्हती. मी रिंग रोडला लागले. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला आत्यांनी चिवड्याचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "मृणाल, आता सुचू दे हो, मला भूक लागलीय."